सूर्योदयाच्या वेळचे रेडिओ तरंग आणि ग्राही आकाशकाची निवड

हौशी रेडिओच्या क्षेत्रात १६० मीटर आणि ८० मीटर हे तरंगपट्टे 'खालचे पट्टे' म्हणून ओळखले जातात. त्यांवरील दूरचे संदेश दिवसा जवळजवळ ऐकू येत नाहीत. आयनांबराचा सर्वांत खालचा 'डी' थर सूर्यप्रकाशामुळे निर्माण होतो व हे तरंग शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या 'एफ्' थरापासून परावर्तित झालेले तरंग हजारो किलोमीटर दूर पोहोचतात.

उदाहरणार्थ, झाशीचा विचार करू. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सकाळी सातच्या सुमारास सूर्योदय होतो. त्या वेळी लंडनमध्ये रात्रीचा दीड वाजलेला असतो. म्हणजे वायव्येकडील मार्ग अद्याप अंधारात असतो. पूर्वेकडे मात्र दिवस सुरू झालेला असतो. आग्नेयेस असलेल्या इंडोनेशियातील वादळी विजांची खरखर रात्रभर ग्राहीपर्यंत येत असते. तिकडे सूर्य आधी उगवत असल्याने पहाटे ती क्षीण होत जाते. या थोड्या अवधीत दूरचे संदेश अधिक स्पष्ट होतात. पुढे झाशीवरही 'डी' थर तयार होतो आणि ते लुप्त होतात.

ग्राही आकाशकाचे कार्य

आकाशक जितका मोठा आवाज देईल तितका चांगला, हा समज प्रेषणाच्या बाबतीत एक वेळ चालेल. ग्रहणाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. संदेशाबरोबर खरखरही तितकीच वाढली, तर काहीच साधत नाही. महत्त्व असते ते या दोहोंच्या प्रमाणाला. म्हणून ग्राही आकाशकाची निवड म्हणजे काय ऐकू नये याची निवड होय.

बेव्हरेज आकाशक

हॅरॉल्ड बेव्हरेज या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा हा आकाशक म्हणजे जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर ताणलेली लांब तार होय. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे सुमारे ४०० मीटर लांबीच्या अशा तारेवर अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले.

झाशीत ही तार ग्राहीपासून वायव्येकडे न्यावी. १६० मीटर पट्ट्यासाठी तिची लांबी निदान तितकीच असावी. दूरच्या टोकाशी सुमारे ४५० ओहमचा रोधक लावून तो जमिनीस जोडावा. वायव्येकडून आलेला तरंग तारेवरून ग्राहीकडे येतो; आग्नेयेकडून आलेला रोधकात विरून जातो. शहराच्या वायव्येस उघडी जागा मिळाल्यास शहरातील विजेच्या तारांची खरखरही पाठीमागे पडते.

बुंदेलखंडातील ग्रॅनाइटची भूमी येथे उपकारक ठरते. कमी विद्युत्‌वाहक जमिनीवरून जाताना तरंग पुढे कलतो, आणि त्या कलण्यामुळेच आडव्या तारेत प्रवाह निर्माण होतो. मात्र अशा खडकात अर्थिंगची सळई खोल जात नाही. तेव्हा टोकाशी जमिनीवर अनेक तारा पसरून ठेवाव्यात.

जागा नसल्यास

दाट वस्तीत राहणाऱ्यास सुमारे एक मीटर व्यासाचे उभे, फिरते वेटोळे उपयोगी पडते. वेटोळ्याच्या प्रतलातील दिशांकडून ग्रहण उत्तम होते. प्रतलाशी काटकोनातील दिशांकडून अत्यल्प. शेजारच्या यंत्राची खरखर सर्वांत कमी होईल अशा स्थितीत ते फिरवावे. संदेश दुबळा येईल, पण प्रवर्धकाने तो वाढविता येतो; खरखरीत बुडालेला संदेश कोणत्याही प्रवर्धकाने वेगळा होत नाही.

दोन आकाशकांची गरज

सूर्योदयाच्या सुमारास तरंग कधी कधी अधिक उभ्या कोनातून येतात. अशा वेळी लहान उंचीवर बांधलेला साधा आडवा द्विध्रुवी आकाशक बेव्हरेजहून सरस ठरतो. तेव्हा शक्य असल्यास दोन्ही आकाशक एका स्विचला जोडावेत, अर्धा तास आधीपासून आलटून पालटून ऐकावे आणि वेळेसह नोंद ठेवावी. झाशीतील सूर्योदय जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास, तर मार्चमध्ये सव्वासहानंतर होतो. म्हणून वेळ घड्याळावरून न ठरविता पंचांगातील सूर्योदयावरून ठरवावी. काही आठवड्यांच्या नोंदींवरून आपल्या जागेस कोणता आकाशक अनुकूल आहे, हे अभ्यासकास स्वतःच पडताळून पाहता येईल.