अकलूजची इटालियन बाटली

प्रश्न : भाच्याने दिलेली व्हाइट वाइनची बाटली दीड वर्ष आमच्या शोकेसमध्ये उभी आहे. नाव ‘फ्रातेल्ली’, खाली ‘सांजोव्हेसे बियांको’, आणि पत्ता मात्र सोलापूर जिल्ह्यातला! भाचा म्हणतो, ही काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन आहे. हे कसं शक्य आहे? वाइन इटलीची की आपली? आणि जितकी जुनी तितकी चांगली म्हणतात, तर नातीच्या लग्नापर्यंत ठेवू का?
— एक वाचक, घोडपदेव

उत्तर : शेवटचा प्रश्न तातडीचा, म्हणून तो आधी. नातीच्या लग्नात दुसरी बाटली आणा. ही आजच शोकेसमधून काढा.

आता भाच्याकडे वळू. तो खरं बोलतोय. भायखळ्याच्या बाजारातून पाव किलो काळी द्राक्षं आणा आणि एक मणी नखाने सोला. आतला गर फिकट हिरवट, पाण्यासारखा दिसेल. काळेपणा सगळा सालीत. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. साली लगेच बाजूला करून नुसता रस थंड टाकीत आंबवला, की वाइन पांढरी. सांजोव्हेसे ही टस्कनीची काळी द्राक्षजात, कियांतीसारख्या प्रसिद्ध रेड वाइन तिच्याच. ‘बियांको’ म्हणजे पांढरी.

राहिला पत्ता. इटालियनमध्ये ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी 2007 मध्ये ही कंपनी उभी केली: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन घडवायला टस्कनीहून पिएरो मासी आले. घरच्या घरी चालणारी छोटी वायनरी म्हणावी तर द्राक्षबागा 240 एकरांच्या आसपास, तेव्हा ‘छोटी’ हा शब्द सोडून देऊ. ‘घरची’ म्हणायला हरकत नाही. अकलूज ज्यात येतं त्या उसाच्या माळशिरस तालुक्यात इटालियन वेल रुजवायचा, हे तेव्हा कुणाला वेडेपणाचंच वाटलं असेल.

माझ्या मते ही वाइन आपलीच. जात इटलीची, हात इटलीचा, पण ऋतू पूर्णपणे इथला, आणि वाइनमध्ये ऋतूला फार मोल असतं. टस्कनीत हिवाळ्यात वेल झोपतो, वर्षाला एकच मुख्य छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. सोलापूरचं ऊन चढायच्या आत द्राक्षं टाकीत गेली पाहिजेत, कारण ऊन चढलं की साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो. व्हाइट वाइनचा ताजेपणा म्हणजे तोच आंबटपणा.

यातून एक गंमत निघते. लेबलावर तोडणीचं वर्ष असतं. तेच वर्ष छापलेली अकलूजची बाटली इटलीच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी वयस्क. त्यात तुमची दीड वर्ष ट्यूबलाइटखाली, मुंबईच्या उकाड्यात उभी. जुनी होऊन सुधारतात त्या मुख्यतः तुरट, दमदार रेड वाइन आणि काही मोजक्या व्हाइट, त्याही थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवलेल्या. अशा हलक्याफुलक्या व्हाइटचं तसं नाही. तिचं तारुण्य साधारण वर्ष-दोन वर्षांचं.

तेव्हा येत्या शनिवारी तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडा. बर्फ घालू नका, चव पाणचट होते. सोबत रवा लावून तळलेले बोंबील. तेलकटपणावर तो आंबटपणा लिंबासारखाच काम करतो. झणझणीत रस्सा मात्र नको, मद्याने तिखट आणखी भडकतं. (आणि परवाना काढून ठेवा, 1949 चा दारूबंदी कायदा वाइनलाही लागू आहे.)

ओतल्यावर रंग चहाकडे झुकलेला असेल, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा येत असेल, तर उशीर झाला. अपाय काही होणार नाही, पण मजाही नाही. चांगली निघाली आणि उरली, तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. आणि भाच्याला सांगा, पुढच्या वेळी लेबलावरचं वर्ष बघून आण.