न बोलणारे मूल : स्वमग्नतेची पारख व शाळेचे साहाय्य

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात नवी मुले बसू लागली की, त्यांत एखादे मूल असे आढळते की जे पंधरा-पंधरा दिवस तोंड उघडीत नाही. शिक्षक ते लाजाळू आहे असे समजतो, अथवा बुद्धीने मंद आहे असा शेरा मनाशी मारून मोकळा होतो. यांपैकी एकही समज खरा असेलच असे नाही. आणि चुकीचा शेरा एकदा बसला म्हणजे तो चौथीपर्यंत पुसला जात नाही.

पेण तालुक्यातील गडबसारख्या गावी हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. खारेपाटातील पुष्कळ मुलांच्या घरी आगरी बोली बोलली जाते, तर डोंगरालगतच्या वाड्यांवरील मुलांची बोली कातकरी असते. पाठ्यपुस्तकातील भाषा त्यांच्या कानाला परकी वाटते व ती गप्प बसतात. हे मौन भाषेचे होय. मधल्या सुटीत हीच मुले घसा बसेपर्यंत ओरडताना दिसतील. परंतु दुसरे एक मौन असे आहे की, ते सुटीतही सुटत नाही आणि घरीही सुटत नाही. त्यामागे स्वमग्नता असू शकते. अर्थात बहिरेपणा किंवा इतर कारणेही असू शकतात.

दोहोंतील भेद शब्दांवरून ओळखू नये, संवादाच्या इच्छेवरून ओळखावा. खाडीवरून बगळ्यांचा थवा उडाला, तर भाषा न येणारे मूलही गुरुजींची बाही ओढते, बोट दाखविते, थव्याकडे पाहते व पुन्हा गुरुजींच्या तोंडाकडे पाहते. स्वमग्न मूल तो थवा पाहील, कदाचित इतरांहून अधिक टक लावून पाहील. पण आपण पाहिलेले दुसऱ्याला दाखवावे असे त्याला बहुधा सुचत नाही. पाण्याची बाटली उघडावयाची असेल तर ते मोठ्या माणसाचा हात धरून झाकणावर ठेवते, जणू तो हात म्हणजे एक अवजारच आहे. नावाने हाक मारली तरी वळत नाही. भातुकलीत रिकाम्या वाटीला आमटी मानण्याचा खेळ त्याला उमगत नाही. ते वाट्या ओळीने मांडीत बसते. उलटपक्षी काही स्वमग्न मुले पुष्कळ बोलतात. महामार्गावरून गेलेल्या मालमोटारींचे क्रमांक घडाघडा म्हणणारा मुलगा ‘तुला भूक लागली का?’ या प्रश्नाला तोच प्रश्न परत म्हणून दाखवितो. मुलींच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. शांत बसणाऱ्या मुलीला आपण शहाणी म्हणतो, आणि तिची अडचण वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध करून या अवस्थेचे प्रथम सविस्तर वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या थंड वागणुकीवर तिचा दोष ठेवला गेला. तो समज खोटा ठरला आहे. स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतील जन्मजात फरक होय. त्यात आनुवंशिकतेचा मोठा भाग असतो. लस टोचल्याने ती होत नाही, आणि कोणाच्या करणीनेही होत नाही. विलायतेत जो दोष आईला दिला गेला, तोच आपल्याकडे सासरची मंडळी देतात व मूल भगताकडे नेले जाते. अशा वेळी शिक्षकाचा एक शब्द त्या माउलीला मोठा आधार देऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे दीडशे पटाच्या शाळेत असे एखादे मूल असणे मुळीच नवलाचे नाही.

तथापि निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘तुमचा मुलगा स्वमग्न आहे’ असे पालकांना सांगू नये. शिक्षकाने नोंद ठेवावी. एक साधी वही करून तीत तारीख घालावी व जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहावे. ‘हट्टी आहे’ ही नोंद नव्हे. ‘घंटा वाजताच दोन्ही कान दाबून बाकाखाली गेला, दहा मिनिटांनी बाहेर आला’ ही नोंद होय. घरी तो कसा वागतो, कोणत्या वयात पहिला शब्द बोलला, बोलू लागून मग थांबला काय, हे आईस तिच्याच बोलीत विचारून लिहावे. तपासणाऱ्या डॉक्टरांना मूल अर्धा तास दिसते, शिक्षकाला वर्षभर दिसते. म्हणून या वहीचे मोल फार आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याचे पथक शाळेत येईल त्या दिवशी ती वही पुढे ठेवावी व मूल हजर राहील असे पाहावे. पथकाकडून मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. आपले जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे. प्रथम कानांची तपासणी व्हावी, कारण बहिरे मूलही हाकेला ओ देत नाही. पुढील मूल्यमापनासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली तयार केलेली भारतीय मापनपट्टी वापरली जाते. तीत सामाजिक संबंध, भावना, भाषा, वर्तन, संवेदना व आकलन या सहा विभागांत ४० बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण असतात. एकूण ७० च्या खाली गुण आल्यास स्वमग्नता मानीत नाहीत. १५३ च्या वर ती तीव्र समजतात. याच संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या जिल्ह्यात, खारघर येथे आहे. मापनपट्टी तज्ज्ञांनीच भरावयाची आहे. शिक्षकाने तिची नक्कल करून गुण देऊ नयेत.

दाखला हाती येईपर्यंत वर्गातील साहाय्य थांबवून ठेवण्याचे कारण नाही. या साहाय्यास खर्चही फारसा लागत नाही. मुलाची जागा ठरलेली असावी, शक्यतो रस्त्याकडील खिडकीपासून दूर. परिपाठ, गणित, जेवण, खेळ, घर अशी पाच चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून बाकावर लावावीत. जे झाले ते चित्र उलटावे. पुढे काय घडणार हे कळले की मुलाची निम्मी भीती जाते. सहल, तपासणी, गुरुजींची रजा असा बदल असल्यास आदल्या दिवशी चित्राने सांगावे. सूचना एका वेळी एक व थोड्या शब्दांत द्यावी. ‘माझ्या डोळ्यांकडे बघ’ असा आग्रह नको; खाली पाहूनही ते ऐकत असते. पोषण आहारातील कोरडा भात खाऊन आमटीला हात न लावणारे मूल लाडावलेले नसते, त्याच्या जिभेला तो ओला स्पर्श सोसत नाही. घंटेच्या आधी त्याला बाहेर नेणे हे घंटेनंतर त्याला शांत करण्यापेक्षा केव्हाही सोपे. आणि मार देण्याचा विचार तर मनातही आणू नये. माराने भीती वाढते व उमजत काहीच नाही. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना ही वही दाखवून पुढील आखणी करावी.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात २१ प्रकार असून स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेत अथवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याने दिला आहे. ‘तुमच्या मुलाला दुसरीकडे घाला’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मुख्याध्यापकास नाही.

मूल मोठे होते, स्वमग्नता मात्र राहते. पालकांशी बोलताना ‘याचा काकाही असाच’ हे वाक्य ऐकू आले, तर त्या काकाचेही मूल्यमापन होऊ शकते हे सांगावे. त्यास वयाची अट नाही. ठरलेल्या क्रमाचे, एकसारखे काम अशा कित्येकांना उत्तम साधते. पेणच्या गणपती कारखान्यांतील साच्याचे किंवा घासकामाचे काम त्या दृष्टीने पडताळून पाहण्याजोगे आहे, मात्र तेथील धूळ व गलका त्यास सोसतो काय हे आधी पाहावे. आपल्या पश्चात याचे कोण करील ही आईबापांची खरी चिंता असते. ज्या प्रौढास पालकाची गरज आहे त्याच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. त्यासाठी चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी व मुलास १८ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास अर्जाची तयारी ठेवावी.