आधी मैदान, मग विमान

विमान म्हटले की आपल्याला पंख आणि वैमानिक आठवतो. ते उतरते ती जमीन सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 1929 साली ब्रिटनमध्ये सर अ‍ॅलन कॉबम या वैमानिकाने नेमका हा जमिनीचा प्रश्न हाती घेतला.

कॉबम 1926 मध्ये ऑस्ट्रेलियाला विमानाने जाऊन परतले आणि लंडनच्या थेम्स नदीत, पार्लमेंटसमोर उतरले. 'सर' हा किताबही मिळाला. पण गावाजवळ उतरायला जागाच नसेल तर सामान्य माणसाला विमानाचा उपयोग काय? मैदानासाठी पैसा लागणार तो नगरपालिकेचा, म्हणजे करदात्यांचा. आधी गटारे, मग विमाने, असे कोणी नगरसेवक म्हणाला तर त्याचे काय चुकले?

कॉबम यांनी सरळ महापौर व नगरसेवकांनाच विमानात बसवून त्यांचे शहर वरून दाखवायचे ठरवले. मे ते ऑक्टोबर या काळात 'यूथ ऑफ ब्रिटन' नावाचे विमान शंभरावर गावी गेले. सुमारे 10,000 शाळकरी मुलांनाही त्यातून मोफत सफर मिळाली. तो खर्च तेलाचे कारखानदार चार्ल्स वेकफिल्ड यांनी उचलला. हा निव्वळ परोपकार नव्हता हेही सांगायला हवे. मैदानाची जागा निवडून देण्याचा व्यवसाय कॉबम करीतच होते.

जागा तरी कशी हवी? सपाट, पाणी न साचणारी, जवळ धुराडी वा तारा नसलेली. विमान वाऱ्याच्या समोरच उडवावे आणि उतरवावे लागे. वारा दिशा बदलतो, म्हणून मैदान चहूबाजूंनी ऐसपैस हवे.

1932 ते 1935 या वर्षांत कॉबम यांनी विमानांच्या कसरतींचे फिरते खेळ केले. तिथे पहिल्यांदा आकाशात गेलेली कितीतरी मुले पुढे महायुद्धात हवाई दलात होती.

आपल्याकडेही नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक त्याच सुमारास गावोगावी लोकांना विमानात फिरवत होता. टपाल विमानाने नेण्याची कल्पना त्यानेच टाटांपुढे मांडली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीतून! मुंबईत ते जुहूला उतरले. पण जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला उतरवावी लागत.