कब्जा आणि मालकी : मुक्त माणसांच्या जमिनीचा एक अभ्यास

जून महिन्यात नवे विद्यार्थी शाळेत दाखल होतात, तेव्हा बहुतेक पालकांच्या पिशवीत जुन्या कागदांची एक घडी असते. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधताना हाती लागलेले ते उतारे असतात. त्यांपैकी काहींवर ‘महार वतन’ किंवा ‘इनाम वर्ग ६ ब’ असे शब्द दिसतात. शहादा, तळोद्याकडील भिल्ल पालकांच्या उताऱ्यावर ‘आदिवासी खातेदार’ असा शेरा असतो. वरच्या वर्गातील मुले हे कागद पाहतात आणि विचारतात, “गुरुजी, जमीन आपली होती, तर मग ती गेली कशी?” या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे सविस्तर मांडीत आहोत.

प्रथम वतनाचा विचार करू. इंग्रजी अमलात १८७४ च्या वतन कायद्याने गावकामगारांची वंशपरंपरागत चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. महाराच्या वाट्याला थोडी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते आले. बदल्यात सरकारी कामगाराची हाक येईल तेव्हा हजर होणे, टपाल व सारा पोहोचविणे, पाहुण्या अंमलदाराची सरबराई करणे, मेलेली ढोरे ओढणे ही कामे होती. कामाला वेळ नव्हती आणि मोजमापही नव्हते. घरातला कर्ता आजारी असेल तर भाऊ, मुलगा, प्रसंगी बाईमाणूस हजर व्हावे लागे. जमीन पिढ्यान्पिढ्या वाटली जाऊन वाफ्याएवढी उरली, तरी चाकरीतील वाटा मात्र कमी झाला नाही. बाबासाहेबांनी या व्यवस्थेत गुलामगिरीचेच रूप पाहिले, आणि तो केवळ संतापाचा शब्द नव्हता. नकार देण्याचा हक्क नसलेल्या श्रमाला दुसरे नाव नाही.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याचा गाभा साधा होता. बलुत्याऐवजी रोख कर घ्यावा, चाकरी करणाऱ्याला ठरलेला पगार द्यावा, आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन रयतेप्रमाणे राखता यावी. म्हणजे चाकरी सुटावी, पण जमीन सुटू नये. विरोध सभागृहात झालाच, आणि ‘वतन गेले तर आहे तेही जाईल’ अशी धास्ती आपल्या लोकांतही होती. निवड समितीने विधेयकाचे रूप असे बदलले की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. पुढे १९३९ साली हरेगावला महार, मांग आदी वतनदारांची परिषद भरली, ती वतनी जमिनीवरील वाढीव जुडीच्या विरोधात. चाकरी तशीच ठेवायची आणि जमिनीवरचा कर वाढवायचा, असा तो दुहेरी फास होता.

येथे थोडे दूर, अमेरिकेकडे पाहावे लागेल. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या मुक्तीबरोबर मिळालेल्या जमिनीचे काय झाले, हे मात्र फारसे शिकवले जात नाही. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात सेनापती शर्मन व युद्धमंत्री स्टँटन यांनी २० काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून त्यांचे म्हणणे विचारले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझिअर हे वृद्ध उपदेशक बोलले. ते स्वतः पैसे मोजून गुलामीतून सुटलेले होते. स्वतःच्या श्रमाने कसून खाता येईल अशी जमीन मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. चारच दिवसांनी शर्मनने आदेश काढला. दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावरील व बेटांवरील सोडलेली जमीन प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत द्यावी. जून उजाडेपर्यंत सुमारे ४०,००० माणसे सुमारे ४ लाख एकरांवर वसली होती.

त्या आदेशात एक शब्द होता, ज्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. लोकांना मिळाला तो कब्जाहक्क होता. मालकीचा निर्णय पुढे काँग्रेस करणार होती. लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले, त्यांनी जुन्या मळेवाल्यांना माफी दिली आणि त्याच वर्षी जमीन परत देण्याचे फर्मान निघाले. एडिस्टो बेटावर ही बातमी सांगण्याचे काम जनरल हॉवर्ड यांच्यावर आले. मुक्त गुलामांच्या हितासाठी नेमलेल्या कार्यालयाचे ते प्रमुख होते. बेटावरील लोकांनी अध्यक्षांकडे लेखी अर्ज केला, पण जमीन गेली ती गेलीच. पुष्कळांना जुन्याच मालकाच्या शेतात करारावर राबावे लागले. फुल्यांचे पुस्तक निघाले तेव्हा या घटनेला आठ वर्षे उलटली होती. फुल्यांचा कृतज्ञभाव त्यामुळे उणा ठरत नाही, मात्र आपला अभ्यास अर्पणपत्रिकेपाशी थांबू नये.

आता १ फेब्रुवारी १९५९ कडे वळू. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा त्या दिवशी अमलात आला. चाकरी संपली. ही मोठी मुक्ती होती, ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण वतनी जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग वतनदाराला पुन्हा प्रदान व्हायची होती. त्यासाठी आकाराच्या ठरावीक पटीत कब्जेहक्काची रक्कम मुदतीत भरायची होती. न भरणारा आपल्याच बापजाद्यांच्या शेतात अनधिकृत कब्जेदार ठरे आणि त्याला तेथून काढता येई. ज्यांनी भरली, त्यांनाही जमीन मिळाली ती नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, वाटता येत नाही. निरक्षर, कर्जबाजारी, मुंबईच्या गिरण्यांत पोटासाठी गेलेल्या किती घरांना मुदतीची बातमी वेळेवर पोहोचली असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वादात सापडला, तेव्हा हा विसरलेला कायदा पुन्हा वर्तमानपत्रांत आला. ती जमीनही सुमारे ४० एकरच होती.

ज्यांना वतनही नव्हते, त्यांचे काय? त्याच १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि खानदेशातील माणसे त्यात मोठ्या संख्येने तुरुंगात गेली. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला. पडीक व गायरान जमीन भूमिहीनांना द्या, ही मागणी होती. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात याच्याही पुढे जाऊन शेतीच राज्याच्या मालकीची करावी, असे सुचविले होते. तेथवर कोणीच पोहोचले नाही.

आमच्या जिल्ह्यात हीच कथा उलट्या क्रमाने घडली. भिल्लांच्या नावावर जमीन होती, ती सावकारी गहाणखतांतून व खोट्या अंगठ्यांतून गेली, आणि जमिनीचा धनी अखाजीला सालदार म्हणून त्याच शेतात उभा राहिला. अंबरसिंग सुरतवंती यांनी हे दुःख भजनाच्या भाषेत गावोगाव नेले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि श्रमिक संघटनेचे काम उभे राहिले. राज्याने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला, तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली शेतजमीन परत मिळू शकते, असे त्यात ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. महसूल संहितेतील कलम ३६ व ३६अ मुळे पुढील विक्रीवर बंधन आले.

येथे आमच्याच शिक्षकांत मतभेद आहेत, ते झाकून ठेवीत नाही. एकाचे म्हणणे असे, की शर्तीची जमीन ही अर्धीच जमीन. बँक कर्ज देताना कचरते, भावांना वाटणी करता येत नाही, आणि सरकार मात्र शर्तभंगाचे कारण दाखवून ती काढून घेऊ शकते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ३६अ नसते तर शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आज एकाही भिल्लाच्या नावे बिघाभर उरला नसता. आम्हांला दोन्ही खरे वाटते. फरक इतकाच, की एका शर्तीने घेणाऱ्याला अडविले आणि दुसरीने कसणाऱ्याला. वतनी जमिनीवरची शर्त वतनदाराच्या रक्षणासाठी होती असे म्हणतात. तसे असेल, तर मुदत चुकल्याची शिक्षा वतनदारालाच का, याचे उत्तर आम्हांला अजून मिळालेले नाही.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांनी घरचा सातबारा वाचून यावे, असे ठरविले आहे. ‘भोगवटादार वर्ग १’ आहे की ‘वर्ग २’, हे आधी पाहावे. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे ते उतरवून घ्यावे. तेवढ्यावर थांबू नये. सातबारा आजची स्थिती सांगतो, जमीन कोणाच्या हातून कोणाकडे आणि कोणत्या कारणाने गेली ते फेरफार नोंदीत असते. तिचा क्रमांक उताऱ्यावरच मिळतो. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकलेच्या रूपाने मिळू शकतात. पालकांनी मुलांबरोबर जावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील आहेत, तलाठी आहेत, मंडळ अधिकारी आहेत, त्यांनी सुट्टीनंतर एक दिवस शाळेत यावे आणि मुलांनी आणलेले उतारे त्यांच्याबरोबर बसून वाचावेत.