वत्सगुल्माचा राजा हरिषेण

वाशीम हे आज विदर्भातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ यांमुळे ते भाविकांच्या परिचयाचे आहे. परंतु सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी या गावाचे नाव वत्सगुल्म असे होते आणि येथे वाकाटक राजांची राजधानी होती. त्या राजांपैकी शेवटचा थोर राजा म्हणजे हरिषेण.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, त्याच्या राज्याची वाटणी झाली. सर्वसेन नावाच्या पुत्राने वत्सगुल्म येथे गादी स्थापिली. सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचिले. पुढे काळाच्या ओघात ही शाखा लोकांच्या स्मरणातून पुसली गेली. सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेला एक ताम्रपट वाशीम येथे मिळाला आणि १९३९ साली तो प्रकाशात आला, तेव्हा कोठे या घराण्याची स्वतंत्र ओळख पटली. अजिंठ्याच्या शिलालेखातील सर्वसेनाचे नावसुद्धा तोवर कोणास नीट वाचता आले नव्हते!

हरिषेणाचा पिता देवसेन. त्याने राज्याचा भार हस्तिभोज नावाच्या गुणी मंत्र्यावर सोपविला होता. देवसेनाच्या काळात प्रजेच्या हिताकडे दुर्लक्ष मात्र झाले नाही. वाशीमजवळील हिस्से बोराळा येथे एक शिलालेख सापडला आहे. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने तेथे 'सुदर्शन' नावाचे सरोवर बांधविले, असे त्यावरून समजते. त्या लेखात शक ३८० हे वर्ष दिले आहे. म्हणजे इसवी सन ४५८.

अशा सुव्यवस्थित राज्याचा वारसा हरिषेणास लाभला. तो पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्या वेळी उत्तरेकडील गुप्त साम्राज्य दुबळे होत चालले होते. दूर युरोपातही इसवी सन ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवट झाला. मोठमोठी राज्ये अशी ढासळत असता हरिषेणाची सत्ता मात्र वाढत होती. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या देशांची नावे अजिंठ्याच्या लेखात त्याच्या पराक्रमाच्या संदर्भात येतात. लेखाचा तो भाग झिजला आहे. त्यामुळे हे देश त्याने जिंकले, की त्यांच्याकडून केवळ खंडणी घेतली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

हरिषेणाचा मंत्री वराहदेव हा हस्तिभोजाचा पुत्र. तो न्यायाने कारभार पाही व प्रजेस प्रिय होता, असे वर्णन आढळते. त्याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केले. पती नंदाने संन्यास घेतल्याचे कळताच शोकाने कोसळलेली सुंदरी याच लेण्यातील एका चित्रात दिसते. शेजारच्या सतराव्या लेण्यातील लेखातही हरिषेणाचा उल्लेख आहे. अजिंठ्याची कित्येक सुंदर लेणी याच राजाच्या काळातील होत.

हरिषेणानंतर मात्र हे वैभव फार काळ टिकले नाही. दंडी कवीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका तरुण राजाची कथा आहे. तो बुद्धिमान होता. पण राजनीतीचा त्यास कंटाळा होता. वृद्ध मंत्र्याने हिताचा उपदेश केला, तो त्याला रुचला नाही. तोंडपुज्या मित्रांच्या नादी लागून तो विलासात दंग झाला. शत्रूंनी ही संधी साधली आणि त्याचा सर्वनाश झाला. वाकाटकांच्या अखेरीचेच प्रतिबिंब या कथेत पडले असावे, असे थोर इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते.

ज्या घराण्याने हस्तिभोज आणि वराहदेव यांच्यासारख्या मंत्र्यांवर विश्वास टाकला, ते घराणे भरभराटीस आले. खरे बोलणारा माणूस जेव्हा राजसभेत नकोसा होतो, तेव्हा किल्ले आणि सैन्य असूनही राज्य राखता येत नाही. हरिषेणाचे राज्य लयास गेले. परंतु अजिंठ्याच्या पाषाणात त्याचे आणि त्याच्या मंत्र्याचे नाव अजूनही एकत्रच कोरलेले आहे.

शब्दार्थ

ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. खंडणी – मांडलिकाने बलवान राजाला द्यावयाचा कर. तोंडपुजा – समोर गोड बोलून खुशामत करणारा. लयास जाणे – नाहीसे होणे.

स्वाध्याय

१. वत्सगुल्म शाखेची ओळख कशामुळे पटली?
२. हिस्से बोराळा येथील शिलालेखावरून कोणती माहिती मिळते?
३. हरिषेणाच्या पराक्रमाविषयी विद्वानांत मतभेद का आहेत?
४. 'खरे बोलणारा माणूस राजसभेत असावा.' या विधानाचे पाठाच्या आधारे विवेचन करा.
५. आपल्या गावातील जुने तळे, मंदिर किंवा शिलालेख पाहून त्याविषयी दहा ओळी लिहा.