‘आमी आलो तं चालते काय जी?’

वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 आणि 15:1-21



नाताळच्या दिवसांत गोठा पाहायला शेजारीपाजारी येतात. लेकरांना पुढे करतात आणि दाराशीच थांबून विचारतात, “आमी आत आलो तं चालते काय जी?” आपण हसून म्हणतो, “या नं, चर्च सर्वांचं आहे.” ते येतात, गोठा पाहतात, हात जोडतात आणि निघून जातात. पुढच्या नाताळापर्यंत ते आपल्याकडे येत नाहीत आणि आपणही त्यांच्याकडे जात नाही.

त्या साध्या प्रश्नामागे दुसरा एक प्रश्न असतो : आत यायचे तर आम्हाला आमचे काय बाहेर ठेवावे लागेल? हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे.

आधी पाऊल, मग समज

यहुदी नसलेले लोक प्रभूवर विश्वास ठेवू लागले, तेव्हा त्यांची सुंता झालीच पाहिजे असा काहींचा आग्रह होता. यरुशलेमात मोठा वाद झाला. पेत्राने उभे राहून आपला अनुभव सांगितला. तो कर्नेल्याच्या घरी गेला होता आणि त्या परक्या घरातील माणसांवर पवित्र आत्मा उतरलेला त्याने पाहिला होता. शेवटी असे ठरले की, देवाकडे वळणाऱ्यांवर नको ते ओझे घालू नये.

येथे श्रद्धा बदलली नाही. श्रद्धा कोणती आणि आपली सवय कोणती, हे निवडून वेगळे केले गेले. पेत्राला हे घरात बसून समजले नाही. तो उंबरठा ओलांडून गेला, तेव्हा समजले.

टिळकांनी विचारलेला प्रश्न

महाराष्ट्रात हाच प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी विचारला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. ती हकिकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवली आहे. ख्रिस्ताकडे येणे म्हणजे आपल्या माणसांपासून तुटणे, हे टिळकांनी स्वतः भोगले होते. म्हणून त्यांनी अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तने केली. तरी परक्या वळणाची मंडळी आणि पगारी सेवक ही चौकट त्यांना अपुरी वाटत राहिली. 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात एकत्र बसू शकत होते. 1919 साली टिळक वारले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही.

टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे होते. आपल्या श्रद्धेत बाप्तिस्मा आणि पवित्र मिस्सा यांना जे स्थान आहे, ते पाहता त्यांचे उत्तर आपण जसेच्या तसे घेऊ शकत नाही. परंतु त्यांचा प्रश्न आपण टाळू शकत नाही.

बदल आपल्याला नवा नाही

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा आत्मसात केली आणि तारणाची कथा ओव्यांमध्ये सांगितली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. आपला अमरावती धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेला वाट मोकळी केली. म्हणूनच आज आपण मराठीत उत्तरे देतो. 1965 साली त्याच परिषदेने शिकवले की, प्रेषितकार्य हा ख्रिस्तसभेचा मूळ स्वभाव आहे. ते फक्त फादर-सिस्टरांचे काम नाही. मिशन रविवारी पाकिटात पैसे घातले म्हणजे आपला वाटा संपला, असे होत नाही.

प्रेषितकार्य म्हणजे माणसे ओढणे नव्हे, हेही स्पष्ट असू द्यावे. ख्रिस्तसभा आकर्षणाने वाढते, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 साली ब्राझीलमध्ये सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली त्याची पुन्हा आठवण करून दिली. आमिष आणि दबाव यांना येथे जागा नाही.

तिवशात काय करता येईल?

आपल्याच तालुक्यातील कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना रुजवली आणि खंजिरीच्या तालावर गावोगावी ग्रामसुधारणेची शिकवण नेली. आपले शेजारी चालत जाणारी, घराघरांत पोचणारी भक्ती ओळखतात. आपली भक्ती मात्र बहुधा कंपाउंडच्या आतच असते.

तीन लहान गोष्टींनी सुरुवात करता येईल. पहिली : महिन्यातून एक रोझरी चर्चऐवजी एखाद्या घरी म्हणावी आणि शेजाऱ्यांना आपणहून बोलवावे. दुसरी : एखादे भजन टाळ-खंजिरीवर बसवावे. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेची आहे. 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अमरावती होता. मदत जाहीर होते, पुढारी येऊन जातात. तेरवी झाल्यावर त्या घरी कोण जाते? पोरांच्या वह्यांचे काय झाले, बाईला बँकेचा कागद कोण वाचून दाखवतो? तेथे आपल्यापैकी दोघे गेले आणि काहीही न मागता तासभर बसले, तर तेच प्रेषितकार्य होय. जात-धर्म न विचारता जावे आणि पुन्हा जावे.

यासाठी काही सोडावेही लागेल. सणाच्या मांडवाचा थोडा खर्च, ठरलेल्या बैठकांपैकी एखादी बैठक आणि ‘आपले असेच असते’ हे वाक्य. पवित्र मिस्सा मात्र सुटणार नाही, कारण तेथूनच आपण पाठवले जातो. मिस्सा संपताना फादर आपल्याला ‘जा’ म्हणतात. आपण जातो ते थेट आपल्याच घरी, ही आपली अडचण आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या धर्मग्रामातील कोणत्या गोष्टी श्रद्धेच्या आहेत आणि कोणत्या केवळ सवयीच्या?
2. गेल्या वर्षभरात आपण कोणत्या अख्रिस्ती घरी दुःखाच्या वेळी गेलो आणि पुन्हा गेलो?
3. या महिन्याची रोझरी कोणाच्या घरी ठेवता येईल? मिस्सा संपल्यावर नाव सांगावे.