चाक फिरण्यापूर्वी

प्रस्तावना

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमात वाहन चालवण्याच्या चाचणीत उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे, हे सांगितलेले आहे. गिअर बदलणे, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणे, गाडी मागे घेणे अशी अनेक कौशल्ये तेथे नोंदवलेली आहेत. त्यांतली पहिली अपेक्षा मात्र अगदी साधी आहे. उमेदवाराला मागचे दाखवणारा आरसा नीट लावून घेता आला पाहिजे. इंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यायची खबरदारीसुद्धा त्यानंतर येते. प्रत्यक्षात गाडी शिकणाऱ्याचे सारे लक्ष क्लच आणि गिअर यांच्याकडे लागलेले असते आणि आरसा आधीच्या माणसाने ज्या कोनात सोडला, त्याच कोनात राहतो.

हा पाठ वाचल्यावर आसन, स्टीअरिंग, आरसे आणि चालकाचे शरीर यांचा परस्परसंबंध तुम्हांला सांगता येईल. सूचना देणाऱ्या मराठी वाक्यांची रचनाही ओळखता येईल.

मूळ पाठ

केशकर्तनालयात खुर्चीवर बसलेल्या माणसाला समोरच्या आरशात दारातून येणारे गिऱ्हाईक दिसते. तोच माणूस हातभर बाजूला सरकला, की दार दिसेनासे होते आणि भिंतीवरचे कॅलेंडर दिसू लागते. आरसा जागचा हललेला नसतो; पाहणाऱ्याचे डोळे हललेले असतात. आरशात काय दिसेल, हे आरशाच्या कोनावर जितके अवलंबून असते, तितकेच डोळ्यांच्या जागेवरही अवलंबून असते. मोटारीतल्या आरशांचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे. आरसे आधी लावून मग आसन पुढे-मागे सरकवणाऱ्या चालकाचे श्रम म्हणूनच वाया जातात.

भाड्याने फिरणाऱ्या एका टॅक्सीची कल्पना करावी. दिवसपाळीचा चालक सहा फूट उंच आहे. रात्रपाळीचा त्याच्यापेक्षा वीतभर बुटका आहे. संध्याकाळी गाडी हाती घेताना दुसरा चालक इंधन पाहतो, चाकातील हवा पाहतो आणि निघतो. रस्त्यावर आल्यावर त्याच्या ध्यानात येते, की मधल्या आरशात मागच्या काचेऐवजी गाडीचे छत दिसत आहे. तो चालत्या गाडीत एक हात वर करून आरसा सारखा करू लागतो. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर ती एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. दोन सेकंद नजर आरशाच्या चौकटीवर राहिली, तर तेहतीस मीटर रस्ता कोणी न पाहताच मागे पडतो. तेवढ्या अंतरात एखादे शाळकरी मूल रस्ता ओलांडायला उतरू शकते. हे काम गाडी उभी असताना करावे लागते, ते याच कारणाने.

आरंभ आसनापासून करावा. पाठ आणि कंबर आसनाला पूर्ण टेकवून बसावे. डावा पाय क्लचवर ठेवून तो शेवटपर्यंत दाबावा. तसे केल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. पाय ताठ होत असेल, तर आसन दूर आहे. गुडघा स्टीअरिंगला लागत असेल, तर ते फार जवळ आहे. उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकवून पंजा ब्रेकवरून ॲक्सिलरेटरकडे सहज वळतो का, हेही पाहावे. सैल चपला घालून गाडी चालवणे येथेच नडते. टाचेपासून सुटलेली चप्पल पेडलखाली अडकते. पाण्याची बाटली पायांपाशी ठेवण्याची सवय तर त्याहून वाईट. उतारावर ती घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली, की ब्रेक दाबलाच जात नाही. पायाखालची सरकणारी चटईही तेच करू शकते.

आसन जागेवर बसले, की हात सरळ पुढे करून मनगटे स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवावीत. पाठ न उचलता मनगटे टेकली, तर अंतर योग्य आहे असे समजावे. पकडताना हात वर न धरता घड्याळातल्या नऊ आणि तीन या आकड्यांच्या जागी धरावेत. एअरबॅग असलेल्या गाडीत छाती आणि स्टीअरिंग यांमध्ये निदान २५ सेंटिमीटर जागा असावी. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते. चालक तिच्या अगदी जवळ असला, तर रक्षण करणारी वस्तूच इजा करू शकते. उंचीने लहान असलेल्या अनेक चालकांना, विशेषतः स्त्रियांना, पेडलपर्यंत पाय पोहोचवण्यासाठी पुढे सरकून बसावे लागते. त्यांनी आसनाची उंची, पाठीचा कल आणि स्टीअरिंगचा कोन यांत बदल करून हे अंतर राखावे.

डोक्यामागची उशी पुष्कळांना झोप घेण्यासाठी दिलेली वाटते. खरे तर मागून धडक बसल्यावर धड पुढे ढकलले जाते आणि डोके मागे फेकले जाते. त्या क्षणी मानेला आधार देण्यासाठी ती असते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत असावी. मानेपर्यंतच पोहोचणारी उशी मानेचे रक्षण करत नाही. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावरून घ्यावा. गर्भवतीने खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा. हा तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली तयार केला. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पट्टा न लावणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. पट्टा लावल्याने बसण्याची ढब किंचित बदलते, म्हणून आरशांकडे त्यानंतरच वळावे.

मोटारीला आरसा असावा ही कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. डोरोथी लेविट या इंग्रज महिला चालकाने १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला होता, की गाडीत हातातला लहान आरसा बाळगावा आणि मागचे पाहण्यासाठी तो अधूनमधून वर धरावा. १९११ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागून कोण येत आहे ते सांगे. रे हॅरून याची गाडी एकाच आसनाची होती. मागचे पाहणारा कोणी नसल्याने ती धोकादायक आहे, अशी तक्रार इतरांनी केली. हॅरूनने गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता, की त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे त्याने पुढे सांगितल्याचे नमूद आहे!

मधला आरसा सपाट असतो, म्हणून त्यातले अंतर खरे असते. तो असा लावावा, की डोके न हलवता मागची संपूर्ण काच त्यात मावेल. हात लावताना काचेला बोटांचे ठसे उमटू नयेत यासाठी तो कडेने धरावा. बाजूचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. बहिर्वक्र आरशात मोठा परिसर मावतो, परंतु प्रत्येक वस्तू लहान दिसते आणि लहान दिसणारी वस्तू डोळ्यांना दूरची वाटते. मागून येणारा ट्रक बाजूच्या आरशात ‘अजून बराच लांब’ भासतो, तो यामुळे. मागे कोण आहे हे बाजूच्या आरशात पाहावे आणि तो किती जवळ आहे हे मधल्या आरशात पडताळावे.

बाजूच्या आरशांत क्षितिज मध्यावर यावे आणि आतल्या कडेला आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी, ही सर्वत्र शिकवली जाणारी रीत आहे. ही पट्टी जितकी रुंद, तितका रस्ता कमी. आपली गाडी कोणी चोरून नेत नाही, तेव्हा तिला आरशात निरखण्याचे कारण नाही. या रीतीत दोन्ही बाजूंना थोडा भाग असा उरतो, जो कोणत्याच आरशात येत नाही. त्याला अंधक्षेत्र म्हणतात. अमेरिकन अभियंता जॉर्ज प्लाट्झर याने १९९५ साली यावर एक तोडगा मांडला. भारतातल्या उजव्या हाताच्या गाड्यांसाठी तो असा सांगता येईल : डोके उजव्या खिडकीच्या काचेला टेकवावे आणि त्या स्थितीत गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवावा. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसत नाही, पण शेजारचा पट्टा दिसतो. मागून पुढे जाणारे वाहन मधल्या आरशातून निसटते, ते बाजूच्या आरशात येते आणि तेथून निसटते, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसू लागते. रुंद महामार्गावर ही पद्धत उपयोगी आहे. अरुंद गल्लीत गाडी काढताना मात्र आपली कड दिसणे सोयीचे असते, म्हणून शिकाऊ चालकाने आधी पहिली रीत अंगवळणी पाडावी. कोणतीही रीत असो, पट्टा बदलण्यापूर्वी मान वळवून एकदा पाहावेच लागते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतातल्या अनेक लहान मोटारींना डावीकडचा आरसाच नसे. ओलांडून जायचे ते उजवीकडून, मग डावीकडे पाहायचे काय, असा त्यामागचा हिशेब असावा. रस्त्याने हा हिशेब कधीच मानला नाही. सायकलस्वार, हातगाडीवाला, फटीतून वाट काढणारी स्कूटर हे सारे डावीकडेच असतात. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे आणि एकोणीस टक्क्यांहून अधिक पादचारी होते. आरशात सर्वांत लहान दिसतात ती हीच माणसे.

रात्री मागच्या गाडीचा प्रखर दिवा मधल्या आरशातून थेट डोळ्यांत येतो. अनेक गाड्यांत आरशाच्या खाली एक छोटी कळ असते. या आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते. तिचा पुढचा पृष्ठभाग आणि मागचा चकचकीत थर एकमेकांना समांतर नसतात. दिवसा मागचा थर प्रतिमा दाखवतो. कळ ओढली, की तो थर छताकडे वळतो आणि डोळ्यांपर्यंत पोहोचतो, तो पुढच्या साध्या काचेवरून परतणारा शेकडा चारच्या आसपास प्रकाश. मागचे दिवे दिसतात, पण डोळे दिपत नाहीत. दिवस उजाडल्यावर कळ पूर्ववत करायला विसरू नये.

दुचाकीचे आरसे काढून टाकण्याची हौस तरुणांत दिसते. ती वाहन शोभिवंत करते की नाही, हा प्रश्न वेगळा, पण चालकाला मागचे काही दिसत नाही एवढे नक्की. आरशात स्वतःचे खांदे आणि कोपरेच दिसत असतील, तर तो आणखी बाहेर वळवावा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा प्रश्न निराळा आहे. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आला, की आरसा असूनही त्यात उसाखेरीज काही दिसत नाही. मोठ्या ट्रकला तर पुढच्या काचेच्या लगत खालीही अंधक्षेत्र असते. ट्रकचालक आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, हे सायकलस्वाराने ओळखून असावे.

उरतात त्या कळा आणि दांड्या. काही गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे, तर काहींत डावीकडे असते. नवी गाडी हाती घेतलेला चालक वळणावर इशारा देण्याऐवजी कोरड्या काचेवर वायपर फिरवतो, हे दृश्य नेहमीचे आहे. दिवे, डिपर, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेक यांना न पाहता हात लागेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये. आरशाला टांगलेली माळ किंवा बाहुली समोरचा रस्ता झाकते. श्रद्धेची वस्तू डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवली, तरी तिचा मान कमी होत नाही.

भाषाभ्यास

‘पाठ टेकवून बसावे’, ‘आरसा कडेने धरावा’, ‘विसरू नये’ या वाक्यांत कर्ता लिहिलेला नाही, तरी सूचना कोणासाठी आहे हे कळते. ‘बस’, ‘धर’ असा थेट हुकूम न करता कर्तव्य सांगणाऱ्या या क्रियापदरूपांना विध्यर्थी रूपे म्हणतात. नियमावल्या, औषधांच्या वेष्टनावरील सूचना आणि पाककृती यांत ती वारंवार आढळतात.

पाठगत प्रश्न

१. आसन लावल्यानंतरच आरसे का लावावेत? केशकर्तनालयाच्या उदाहरणाच्या आधारे लिहा.

२. मधला आरसा आणि बाजूचा आरसा यांत दिसणाऱ्या अंतरात फरक का पडतो?

३. ‘रस्त्याने हा हिशेब कधीच मानला नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. पाठातील पाच विध्यर्थी क्रियापदे शोधून त्यांची आज्ञार्थी रूपे लिहा.

५. ‘नजरेआड होणे’, ‘कानाडोळा करणे’, ‘अंगवळणी पडणे’ या वाक्प्रचारांचा रस्त्यावरील प्रसंगांना धरून वाक्यांत उपयोग करा.

६. तुमच्या परिसरातील बस किंवा रिक्षा उभी असताना तिच्या चालकाची परवानगी घेऊन त्याच्या आसनावर बसा. कोणत्या आरशात काय दिसते आणि काय दिसत नाही, याचे दहा ओळींत वर्णन करा.